लोबेलिया, हवाई बेटांवरील

(कुल–कँपॅन्युलेसी, उपकुल–लोबेलिऑइडी). उत्तर पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहात निसर्गतः वाढणाऱ्या व जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या लोबेलियावर्गीय वनस्पतींचा समूह. ह्या समूहात लोबेलिया, ट्रेमॅटोलोबेलिया, ब्रिगॅमिया, डेलिसिया, सायानिया आणि क्लेर्माँशिया ह्या सहा प्रजाती व त्यांतील सु. १२५ जातींचा समावेश होतो. त्या बेटांवरील मूळच्या फुलझाडांपैकी जवळजवळ एक-अष्टमांश जाती ह्या एकाच समूहातील आहेत. द्वीपवासी वनस्पतींचा विस्तार कसा होतो व त्यांचा ऱ्हास कोणत्या क्रमाने घडतो, ह्या दोन्ही प्रश्नांच्या अभ्यासात हा समूह महत्त्वाचा ठरला आहे. एखादी वनस्पती तिच्या वसतिस्थानापासून वेगळी काढून टिकविता येते काय, हा प्रश्नही त्याच्या इतिहासातून पुढे येतो.

नाव व आप्तसंबंध : लोबेलिया हे प्रजातिनाम मातीआस द लोबेल (१५३८–१६१६) ह्या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ देण्यात आले असून कार्ल लिनीअस ह्यांनी १७५३ मध्ये ते आपल्या ग्रंथात स्वीकारले. जुन्या ग्रंथांत ह्या वनस्पतींसाठी लोबेलिएसी असे स्वतंत्र कुल मानीत; आता त्यांचा अंतर्भाव कँपॅन्युलेसी कुलात करतात. लोबेलिया प्रजातीच्या चारशेंहून अधिक जाती जगातील उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उंच भागात आढळणारा, पांढऱ्या फुलांचा व पोकळ खोडाचा देवनळ (धवळ, रानतंबाखू) ही तिच्यापैकीच एक जाती होय. पूर्व आफ्रिकेतील केन्या व किलिमांजारो ह्या पर्वतांवरील प्रचंड लोबेलियाही ह्याच प्रजातीतील आहेत. ह्या सर्वांत चिकाळ रस, मध्यभागी फाटलेला द्व्योष्ठक पुष्पमुकुट आणि एकमेकांस चिकटून नळी बनलेले परागकोश ही लक्षणे सामान्यतः आढळतात. परागकोशांच्या नळीतून किंजल वर सरकतो व पराग पुढे ढकलून बाहेर काढतो. त्यामुळे फुलात तोंड घालणाऱ्या प्राण्याच्या माथ्यावर अथवा पाठीवर पराग नेमका पडतो.

आगमन व विस्तार : हवाई बेटे सर्वांत जवळच्या खंडापासून सु. ३,८०० किमी. दूर असून ती ज्वालामुखींच्या उद्रेकांमुळे समुद्रतळातून वर आली आहेत. त्यामुळे तेथील प्रत्येक मूळ वनस्पतीचा पूर्वज वारा, समुद्रप्रवाह अथवा पक्षी ह्यांच्या द्वारे बाहेरूनच आलेला असला पाहिजे. सहा प्रजातींच्या रूपांत पुष्कळ फरक असल्याने त्यांचे पूर्वज निरनिराळ्या वेळी, तीन ते पाच खेपांत आले असावेत, असे पूर्वी मानीत. २००९ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस गिव्हनिश व त्यांचे सहकारी ह्यांनी आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून असे दाखविले की, हा सर्व समूह सु. १.३ कोटी वर्षांपूर्वी आलेल्या एकाच पूर्वजापासून निर्माण झाला आहे. मोठ्या बेटांपैकी सर्वांत जुने कौआई बेट केवळ सु. ५० लाख वर्षांचे आहे. म्हणजे ज्या बेटांवर हा पूर्वज प्रथम रुजला ती बेटे झिजून आज खडक व प्रवाळवलये ह्यांच्या रूपानेच उरली आहेत. एक बेट झिजत असताना आग्नेयेस नवे बेट वर येई व वनस्पती त्यावर पसरत. वसतिस्थान नष्ट होण्याची घटना ह्या समूहास नवीन नव्हती. परंतु पूर्वी तिला लाखो वर्षे लागत व जवळच पर्यायी भूमी तयार होत असे.

वसतिस्थाने : एकाच पूर्वजापासून झालेल्या ह्या वनस्पतींची वसतिस्थाने अत्यंत भिन्न आहेत व त्यांप्रमाणे त्यांची फळेही वेगळी आहेत. लोबेलिया, ट्रेमॅटोलोबेलिया व ब्रिगॅमिया ह्यांचे फळ म्हणजे शुष्क बोंड असून त्यातील बारीक बिया वाऱ्याने पसरतात. ह्या तिन्ही प्रजाती मोकळ्या जागी, म्हणजे पर्वतांच्या कडा, उभे कडे व माथ्यावरील दलदली अशा ठिकाणी वाढतात. ट्रेमॅटोलोबेलियाच्या बोंडाची साल कुजून त्यावर असंख्य छिद्रे पडतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर चाळणीतून पडावे तसे बी बाहेर पडते. मौई बेटावरील पू कुकुई व कौआईवरील वाईआलेआले ह्या शिखरांवर पावसाचे वार्षिक मान सु. ९ ते ११ मी. असते, अशा शिखरांलगतच्या दलदलींत लोबेलियाच्या काही जाती पानांचा मोठा गुच्छ व त्यातून निघालेला उंच फुलोरा धारण करून उभ्या असतात.

उलट सायानिया, डेलिसिया व क्लेर्माँशिया ह्यांना मृदुफळे येतात. ती पक्षी खातात व बिया जंगलाच्या सावलीत नेऊन टाकतात. सायानियाच्या बऱ्याच जाती शाखाहीन, ताडासारख्या दिसणाऱ्या असून काहींची उंची १० मी. पेक्षाही अधिक होते. क्लेर्माँशियाचे झुडूप समईसारखे फांद्या फुटलेले असते व ते कधी कधी दुसऱ्या वृक्षांच्या शेवाळलेल्या खोडांवरही वाढते. जंगलातील पक्षी फार दूर जात नसल्यामुळे एका दरीतील वनस्पती दुसऱ्या दरीतील वनस्पतींपासून अलग पडत गेल्या. म्हणूनच ह्या समूहातील सर्वाधिक, म्हणजे पाऊणशेंच्या घरातील, जाती सायानिया प्रजातीत असून त्यांपैकी बहुतेक केवळ एकाच बेटावर सापडतात. अतिशय मर्यादित क्षेत्रात राहण्याच्या ह्या वैशिष्ट्यामुळे जातींची संख्या वाढली; तथापि त्यामुळेच पुढे एक दरी उजाड झाली की एक जाती नाहीशी होऊ लागली.

पक्ष्यांशी संबंध : बहुतेक जातींची फुले लांब, नळीसारखी व वाकडी असून त्यांत मधुरस भरपूर असतो. हवाईतील मधुरस पिणाऱ्या पक्ष्यांपैकी इइवी, मामो इत्यादींच्या चोची तशाच लांब व वाकड्या होत्या. ब्रिटिश प्रकृतिवैज्ञानिक आर्. सी. एल्. पर्किन्स हे १८९२ मध्ये बेटांवर आले व पुढील काही वर्षांत त्यांनी जंगलांत राहून पक्षी व कीटक ह्यांचा अभ्यास केला. ह्या पक्ष्यांच्या माथ्यावर लोबेलियावर्गीय फुलांचे चिकट पराग माखलेले असतात, ही गोष्ट त्यांनी नोंदविली. काळा मामो ही पक्षिजाती त्यांनी १८९३ मध्ये मोलोकाई बेटावर शोधली. १९०७ नंतर तिचा एकही नमुना मिळालेला नाही. पिवळ्या पिसांचा मूळ मामो पक्षी त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दिसेनासा झाला होता.

सायानियाच्या काही जातींत रोपावस्थेतील पानांवर व खोडांवर काटे असतात आणि झाड उंच झाल्यावर ते नाहीसे होतात. हवाई बेटांवर वनस्पती खाणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नसल्याने हे काटे कशासाठी, असा प्रश्न पडत असे. मोआ-नालो ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उडता न येणाऱ्या मोठ्या बदकांचे जीवाश्म मिळाल्यानंतर गिव्हनिश ह्यांनी असे सुचविले की, हे काटे ह्या बदकांपासून संरक्षण करण्यासाठी क्रमविकासात निर्माण झाले असावेत. बदके नामशेष झाली, पण काटे अद्याप उरले आहेत.

मूळ रहिवासी व लोबेलिया : पॉलिनीशियन लोक सु. १००० ते १२०० ह्या काळात हवाई बेटांवर येऊन स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर डुक्कर, कुत्रा, कोंबडी व पॉलिनीशियन उंदीरही आले. सखल भागातील जंगले शेतीसाठी साफ करण्यात आली आणि उंदरांनी बियांचा व फळांचा फडशा पाडण्यास सुरुवात केली. तथापि उंच भागातील जंगले पुष्कळशी अबाधित राहिली. ह्या लोकांना लोबेलियावर्गीय वनस्पतींची चांगली ओळख होती. सायानिया व तत्सम वनस्पतींना ते हाहा म्हणत, क्लेर्माँशियाला ओहा वाई व ब्रिगॅमियाला आलुला. क्लेर्माँशियाच्या ओहा केपाउ नावाच्या जातीच्या चिकाचा उपयोग फांद्यांना लावून पक्षी पकडण्याकडे करीत आणि त्यांची रंगीत पिसे राजेलोकांचे झगे बनविण्यास वापरीत. म्हणजे जो पक्षी ह्या फुलांतील मधुरस पिई, तो कधी कधी त्याच वर्गातील वनस्पतीच्या चिकाने पकडला जाई.

यूरोपीयांचे आगमन व गुरांचा उपद्रव : कॅप्टन जेम्स कुक हे १७७८ च्या जानेवारीत कौआई येथे उतरले आणि त्याच मोहिमेत त्यांनी नीहाऊ बेटावर शेळ्या सोडल्या. जॉर्ज व्हँकूव्हर ह्यांनी १७९३ मध्ये कॅलिफोर्नियातून आणलेली गुरे राजा पहिला कामेहामेहा ह्यास भेट दिली. ती वाढावीत म्हणून राजाने त्यांना मारण्यास बंदी घातली. गुरे, शेळ्या व पुढे आलेली मेंढरे रानटी होऊन त्यांचे कळप डोंगरांवर चढले. लोबेलियावर्गीय झाडांची खोडे मांसल व रसाळ असून त्यांना लाकूड थोडेच असते. साल कुरतडली अथवा शेंडा खाल्ला गेला तरी झाड मरते. लाखो वर्षांत चरणाऱ्या सस्तन प्राण्यांशी गाठ न पडल्याने त्यांच्याजवळ पुरेसे संरक्षण नव्हते. डुकरांनी जमीन उकरल्यामुळे कोवळी रोपे नष्ट झाली व उकरलेल्या खड्ड्यांत आणि पोखरलेल्या खोडांत पाणी साचू लागले.

१८२६ च्या सुमारास एका जहाजावरील पाण्याच्या पिंपांतून मौई बेटावर डासांचा प्रवेश झाला असे मानले जाते. त्यापूर्वी हवाईत डास नव्हते. पुढे बाहेरून आलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांच्या हिवतापाचे परजीवीही पोचले आणि डासांनी ते मूळ पक्ष्यांत पसरविले. डास कमी असलेल्या थंड उंच भागातच हे पक्षी टिकाव धरू शकले. ज्या वनस्पतींचे परागण त्यांच्यावर अवलंबून होते त्यांचे पुनरुत्पादन सखल भागात खंडित झाले. झाड जिवंत राही, फुलेही येत. परंतु त्यांकडे येणारा पक्षी उरला नव्हता.

शास्त्रीय अभ्यास : फ्रेसिने ह्यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच मोहीम १८१९ मध्ये हवाईला आली. तीमधील शार्ल गोदिशो ह्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरून क्लेर्माँशिया, सायानिया व डेलिसिया ह्या तीन प्रजातींची वर्णने प्रसिद्ध झाली. ब्रिगॅमिया ही प्रजाती एसा ग्रे ह्यांनी १८६७ मध्ये स्थापिली.

ह्यानंतरचे मोठे कार्य विल्यम हिलेब्रांट (१८२१–८६) ह्या जर्मन वैद्याचे होय. सु. वीस वर्षे बेटांवर राहून त्यांनी वैद्यकीय सेवेबरोबरच तेथील वनस्पतींचा कसून शोध घेतला. त्यांचा हवाई बेटांच्या वनश्रीवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८८८ मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केला. अनेक लोबेलियावर्गीय जातींचे पहिले वर्णन त्यात आढळते व काहींच्या बाबतीत तीच अखेरची नोंद ठरली. ह्याच हिलेब्रांट ह्यांनी १८५८ मध्ये शोभेसाठी घाणेरी (टणटणी) आणि १८६५ मध्ये पिकांवरील अळ्यांच्या नाशासाठी भारतातील साळुंकी हवाईत आणली. साळुंकीने घाणेरीची फळे खाऊन तिच्या बिया सर्वत्र पसरविल्या. १८६८ मध्ये मूळचे भारतीय असलेले चितळ मोलोकाई बेटावर सोडण्यात आले व तेही तेथील वनश्रीस घातक ठरले. ज्या व्यक्तीस ह्या वनस्पतींचे मोल सर्वाधिक ठाऊक होते तिच्याच हातून त्यांचे काही शत्रू आणले गेले. ह्यात वैयक्तिक दोषापेक्षा त्या काळच्या समजुतीचा भाग अधिक आहे. एखाद्या देशात उपयुक्त जीवांची भर घालणे हे तेव्हा सत्कार्य मानले जाई व बाहेरून आलेल्या जीवाचा वसतिस्थानावर होणारा एकंदर परिणाम कोणी लक्षात घेत नसे.

ऑस्ट्रियात जन्मलेले जोसेफ रॉक (१८८४–१९६२) हे १९०७ मध्ये हवाईत आले. त्यांनी सर्व बेटांवरील जंगले पायी व घोड्यावरून पालथी घातली आणि १९१९ मध्ये हवाईतील लोबेलियावर्गीय वनस्पतींवरील आपला प्रबंध होनोलुलूच्या बिशप संग्रहालयामार्फत प्रसिद्ध केला. गुरांनी जंगलांची केलेली नासाडी त्यांनी त्याआधीच बेटांतील मूळ वृक्षांवरील १९१३ च्या ग्रंथात नोंदविली होती. पुढील वर्षी, १९२० मध्ये, कुष्ठरोगावरील चौलमुग्रा तेलाच्या झाडाच्या शोधासाठी ते आशियात गेले. मोलोकाई बेटावरील ब्रिगॅमियाच्या जातीला १९६९ मध्ये ब्रिगॅमिया रॉकाय असे त्यांच्या स्मरणार्थ नाव देण्यात आले.

संरक्षणाचे प्रयत्न : जंगलांच्या संरक्षणास प्रथम चालना मिळाली ती वनस्पतींच्या प्रेमामुळे नव्हे, तर पाण्याच्या गरजेमुळे. डोंगर उजाड झाल्याने झरे आटू लागले व उसाच्या मळ्यांना पाणी अपुरे पडू लागले. म्हणून मळेवाल्यांच्या आग्रहाने १९०३ मध्ये कायदा होऊन राखीव जंगले निर्माण करण्यात आली व त्यांतून गुरे हाकलण्यात आली. उसाचे मळे आता राहिलेले नाहीत. २०१६ मध्ये हवाईतील अखेरचा मोठा मळा बंद झाला. परंतु त्यांच्यासाठी राखलेल्या जंगलांत लोबेलियावर्गीय वनस्पतींच्या अनेक जाती तगून राहिल्या. १९७० नंतर हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात कुंपणे घालून शेळ्या काढून टाकण्यात आल्या. कुंपणाआड वनस्पती पुन्हा उगवतात हे त्यावरून दिसून आले. अमेरिकेतील संकटग्रस्त जातींविषयीच्या १९७३ च्या कायद्याखाली ह्या समूहातील पुष्कळ जातींना पुढे संरक्षण देण्यात आले.

ह्या प्रयत्नांची मर्यादा कौआईवरील ब्रिगॅमिया इन्सिग्निस ह्या जातीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तळाशी फुगलेले मांसल खोड, शेंड्यावर कोबीसारखा पानांचा गुच्छ व लांब नळीची फिकट पिवळी सुवासिक फुले असलेली ही वनस्पती समुद्रावरील उभ्या कड्यांच्या फटींत वाढे. तिचे परागण एखाद्या लांब सोंडेच्या निशाचर पतंगाकडून होत असावे. परंतु तो पतंग नाहीसा झाला अथवा फार दुर्मिळ झाला. म्हणून स्टीव्ह पर्लमन प्रभृती वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात दोरावरून कडे उतरून, एका फुलातील पराग कुंचल्याने दुसऱ्या फुलावर ठेवण्याचे काम केले व मिळालेले बी उद्यानांत रुजविले. सप्टेंबर १९९२ मधील इनिकी चक्री वादळात कड्यांवरील बरीच झाडे कोसळली. १९९४ मध्ये ही जाती संकटग्रस्त म्हणून जाहीर झाली. २०१४ मध्ये निसर्गात तिचे एकच झाड पाहण्यात आले व त्यानंतर एकही आढळलेले नाही. बियांपासून वाढविलेली तिची हजारो रोपे मात्र जगभर असून यूरोपात ती शोभेची कुंडीतील वनस्पती म्हणून विकली जाते.

ओआहू बेटावरील सायानिया सुपर्बा ही जाती निसर्गातून २००२ मध्ये नाहीशी झाली. उद्यानांत जतन केलेली तिची रोपे कुंपण घातलेल्या जंगलात पुन्हा लावण्यात आली व ती वाढून त्यांना फळेही आली; तथापि फळे उंदीर खातात आणि रोपे उगवलीच तर बाहेरून आलेल्या बिनशंखाच्या गोगलगायी ती खाऊन टाकतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ह्या गोगलगायींमुळे रोपे जगण्याचे प्रमाण सु. निम्म्याने घटते असे दिसून आले. ह्यामुळे आता झाडे लावण्याबरोबरच उंदीर व गोगलगायी ह्यांचे नियंत्रण, बियांचा साठा आणि प्रयोगशाळेत ऊतकांपासून रोपे तयार करणे हे उपायही योजले जातात. पक्ष्यांचा हिवताप रोखण्यासाठी २०२३ पासून मौई बेटावर प्रजननास निरुपयोगी ठरणारे नर डास सोडण्यात येत आहेत. इइवी पक्ष्याच्या रक्षणासाठी केलेला हा उपाय सफल झाल्यास त्याचा लाभ लोबेलियावर्गीय फुलांनाही मिळेल. इइवी आता मुख्यत्वे जंबुल कुलातील ओहिया वृक्षाच्या उघड्या फुलांवर उपजीविका करतो. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना केली असता त्याची वरची चोच पूर्वीपेक्षा किंचित आखूड झाल्याचे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. फुले दुर्मिळ झाल्यामुळे पक्ष्यातही बदल झाला असावा, असे ह्यावरून अनुमान करतात.

महत्त्व : हवाई बेटांवरील लोबेलियावर्गीय वनस्पतींचा इतिहास म्हणजे केवळ काही जातींच्या उदयास्ताची नोंद नव्हे. कडा, दलदल व सावलीतले जंगल ह्या प्रत्येक ठिकाणी मृदा, पाऊस, पक्षी, पतंग व वनस्पती मिळून एक व्यवस्था बनलेली होती आणि प्रत्येक जाती हे तिचे एक अंग होते. उद्यानातील ब्रिगॅमिया ही आनुवंशिक दृष्ट्या तीच वनस्पती असली, तरी तिचा कडा व तिचा पतंग तिच्याजवळ नाहीत; तिच्या वंशाचे सातत्य माणसाच्या हातातील कुंचल्यावर अवलंबून आहे. उद्यानांनी व बीजसंग्रहांनी मिळवून दिलेला हा अवधी मोलाचा आहे. तो वसतिस्थाने पूर्ववत करण्याकडे खर्ची पडला तरच ह्या जातींना वन्य म्हणता येईल.